मलकाप्पा अण्णांची पाहणी

जमिनीत काहीही सापडलं की मलकाप्पा अण्णा ते आधी जिभेला लावून बघत. पहिल्या दिवशी मी ओरडलोच. ते म्हणाले, "हाड असंल तर जिभेला चिकटतंय, दगुड असंल तर न्हाय. सोपं हाय की!" मग शांतपणे थुंकून वहीत लिहिलं, 'दगड'.

अक्कलकोट रस्त्याला आमची घरांची स्कीम होणार होती. मी तिथला इंजिनिअर. कोपऱ्यात एक जुना वीरगळ निघाला, म्हणून पाया खोदण्याआधी जमिनीची पाहणी करून घ्यायचं शेठनी ठरवलं. त्यासाठी पुरातत्त्व खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेल्या अण्णांना बोलावलं.

अण्णा मोकळ्या माळावर शिरतानाही चपला काढत. मी हसलो, तर म्हणाले, "लोकांच्या घरात चपला घालून जाता व्हय तुमी?" मग दोऱ्या बांधून, मान खाली घालून माळ पालथा घालत. मी मधे आलो की, "सरका सायब, कुणाच्या तरी चुलीवर हुबं हायसा." काळपट खापर सापडलं तर ते घडवणारीलाच रागवत, "लई भाजलीस की गं!" जेसीबीवाला म्हणायचा, यांना जेवायला बोलवायची सोय नाही, ताट चाटून वय सांगतील.

तिसऱ्या आठवड्यात सतरा नंबरच्या प्लॉटवर चाचणीचा खड्डा घेताना, जुन्या सारवलेल्या जमिनीखाली दोन मडकी निघाली. आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. अण्णांनी ब्रशनं माती झाडली, आत पाहिलं आणि ब्रश खाली ठेवला.

"बाळ हाय," ते म्हणाले. "लई जुन्या काळची मान्सं. ल्हान पोर गेलं की असं घरातच पुरायची. लांब न्यायला जीव होत नसंल."

तेवढ्यात शेठचा फोन. उद्या जेसीबी सतरावर लावा.

"खात्याची मान्सं येईस्तोवर मी हितनं हलत न्हाय," अण्णा म्हणाले. आणि छत्री उघडून मडक्यांवर धरली. स्वतः उन्हात.

मी चहा घेऊन गेलो. छत्री न हलवता त्यांनी कप घेतला.

"आमची म्हादेवी अकरा म्हैन्याची हुती. आमच्यात पुरत्यात. मैंदर्गीला शेताच्या बांधाला ठिवलं तिला. मी बदलीवर लांब, मागं भावानं शेत इकलं. तितं प्लॉट पडले, घरं झाली. जाऊन आलो की. बांधच न्हाय राहिला. कुटल्या घराखाली हाय, वळखंना."

"जमिनी मोजण्यात जल्म गेला माझा," म्हणत त्यांनी छत्री उन्हाच्या बाजूला कलती केली.

मी बाजूला जाऊन शेठला फोन लावला. काय काय बोललो आठवत नाही. ज्यानं माझी नोकरी जाईल असंही काही बोललो असेन. पण जेसीबी सतरावर आला नाही.

चार दिवसांनी खात्याच्या माणसांनी मडकी अलगद काढून पेटीत भरली, पेटी टेम्पोत ठेवली. अण्णांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आपणहून मागं हौद्यात चढले आणि पेटीला दोन्ही हातांनी धरून बसले. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. खड्डे लागले तसा मागून त्यांचा आवाज आला, कानडीतून, "निधान रे तम्मा, निधान." हळू रे पोरा, हळू.

ड्रायव्हर होता माळशिरसचा. त्याला कानडी येत नव्हती. तरी त्यानं टेम्पो हळू केला.