कौन्सिलर वनिता

वनिताकडे कुणी बायकोला घेऊन आलं, की ती आधी नवऱ्यालाच समोर बसवते आणि काल बायकोने पहाटेपासून काय काय केलं ते सांगायला लावते. बहुतेक नवरे सकाळच्या चहापर्यंत पोचतात आणि तिथेच अडकतात. एकाने तर दोन पानं भरून लिहून दिलं. वाचलं, तर त्यात त्याने स्वतः काय केलं तेच होतं. वनिताने कागद परत दिला आणि पुढच्या बुधवारी स्वयंपाकघरात बसून पुन्हा लिहून आणायला सांगितलं.

वनिता समुपदेशक आहे. नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या घराची पुढची खोली तिने भाड्याने घेतली, तेव्हा मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो आणि दुपार मला खायला उठायची. दारावर बसून येणाऱ्यांची नावं लिहाल का, असं तिने विचारलं आणि मी बसलो. पहिल्याच दिवशी चूक झाली. सवयीने एका बाईला मी आडनाव विचारलं. वनिता आतून बाहेर आली.

"आडनाव काहून पाहिजे, काका? रडाले आडनाव लागते का?"

जन्मभर हजेरी घेतलेल्या माणसाला हे जरा जड गेलं. आता वहीत नुसती नावं असतात. एक नाव पुकारलं की तीन संगीता उठतात, तो भाग वेगळा.

"दुखणं फक्त तुह्या डोक्यात नाही वं, घरातही आहे," हे तिचं ठरलेलं वाक्य. घरात सापडलं नाही तर ती गल्लीत शोधते. कळमन्याच्या बाजारात मिरची निवडणारी एक बाई झोप येत नाही म्हणून आली होती. तिच्या वस्तीत नळाला पाणी पहाटे तीनला येतं, हे कळल्यावर वनिता वस्तीतल्या बायका घेऊन पाण्याच्या ऑफिसात जाऊन बसली. दोन दिवस. छत्री घेऊन मीही. शेवटी साहेब कंटाळले आणि पाणी सहाला यायला लागलं. बाई झोपायला लागली, आणि मग कुठे मनातलं बोलायला लागली.

वनिताचे वडील कुहीकडे धानाची शेती करतात. लेकीने शाळेतली पक्की नोकरी सोडून हे काम धरलं, तेव्हा पोरगी पागलांची मास्तरीण झाली म्हणून त्यांनी बोलणंच टाकलं. दोन वर्षं एक शब्द नाही. मग गावातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की तुमची वनिता नागपुरात कौन्सिलर आहे. गावात कौन्सिलरचा अर्थ एकच, नगरसेवक. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

तेव्हापासून आमच्याकडे कुहीची माणसं नालीचे आणि रेशनकार्डाचे अर्ज घेऊन येतात. वनिता जमतील तेवढी कामं करूनही देते.

मी एकदा म्हटलं, खरं काय ते सांगून टाक. ही पोरगी कुणी एखाद्या बाईला नुसतं 'बिचारी' म्हटलं तरी अर्धा तास समजावत बसते. पण त्या दिवशी वहीची पानं चाळत राहिली.

"सांगतलं तर फोन बंद होईन, काका," ती म्हणाली. "त्याइले माहा अभिमान वाटून राहिला. चुकीचा का असेना."

गेल्या महिन्यात वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. लेकीच्या घरी करमेना, म्हणून इथे माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. समोर एक तरुण बाई खाली मान घालून रडत होती. महिनाभर दर आठवड्याला येणारी. म्हातारा जरा वेळ उघड्या डोळ्याने बघत राहिला, मग पुढे वाकला.

"रडू नको वं माय. माही पोरगी नगरसेवक हाये. येईन नळ तुह्या घरी."

वनिता आतल्या दारात उभी होती. बाईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा म्हाताऱ्याकडे, आणि ओढणीने डोळे पुसले.

"हो बाबा," ती म्हणाली. "नळासाठीच आली मी."

म्हातारा समाधानाने मागे टेकला. वनिता तिला आत बोलवायचं विसरून वडिलांकडेच बघत राहिली. शेवटी नाव मीच पुकारलं.