पात्र-अपात्र आपटेकाका

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड आलं, की आपटेकाका नाव-गाव विचारत नाहीत. "वार्षिक उत्पन्न?" असं विचारतात. मग, "अपत्यं किती?" एका गृहस्थांनी तीन सांगितली, तर जिन्यातच म्हणाले, "धाकट्याची शिष्यवृत्ती विसरा. पहिल्या दोघांनाच मिळते." धाकटा तेव्हा पाळण्यात होता.

काकांनी उभा जन्म एका कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर काढला. निवृत्त झाले, पण टेबल सुटलं नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच गोष्टी, पात्र आणि अपात्र. मंडईतला हापूस हुंगून "अपात्र" म्हणतात. माझा जावई "सशर्त पात्र" आहे. पण त्यांच्या टेबलावर कुणा पोराला दुसरा हेलपाटा पडला नाही, हे मान्य करायला हवं. "एकदाच या, सगळं घेऊन या," हा त्यांचा खाक्या.

म्हणून वैष्णवीचं प्रकरण मला खटकलं. ही यवतमाळकडची मुलगी आमच्याकडे पेइंग गेस्ट. शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज, नाहीतर परतीची एसटी. मीच तिला काकांकडे धाडलं, आणि काका तिला रोज बोलवायला लागले. आज उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स पुसट, उद्या फोटो जुना, परवा सही तिरकी. मुदत संपत आली तसं माझं डोकं फिरलं.

"थांब, मीच विचारतो," म्हणत मी चपला घातल्या.

"नका जाऊ जी," ती म्हणाली. "अर्ज त्यायनं पहिल्याच दिवशी भरला. मले मेसेज आला होता."

"मग रोज काय नेतेस?"

"तेच कागद. मी जायच्या आधीच त्यायनं दोन कप काढून ठेवलेले असतात."

"तुला माहीत आहे, हे सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं तर बोलावतील कसे?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या घरचा चहा कधी प्यायलो नव्हतो. संध्याकाळी गेलो. काकांनी दार उघडून मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काय काम?"

"चहा प्यायला आलोय."

"कागद?"

"काहीच आणलं नाही."

"अपात्र," काका म्हणाले, आणि दार उघडंच ठेवून आधण टाकायला आत गेले.