उपासाला चालणारी गोळी

बन्सीरावांना रागवायला एरवी कारण लागत नसे. पण या खेपेला कारण होतं आणि चांगलं भक्कम होतं. बायको गोळी घेत नव्हती.

रत्नाबाईंचं हृदय कमकुवत झालं होतं. पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की बरं वाटो न वाटो, गोळी रोज घ्यायची आणि जन्मभर घ्यायची. सोडलीत तर पाय सुजतील, धाप लागेल, मग माझ्याही हातात काही राहणार नाही. बन्सीराव तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर स्टोअर क्लार्क होते. (सहीशिवाय खिळासुद्धा न सोडणारा माणूस!) पण बोईसरच्या आपल्याच खोलीत गोळी बायकोच्या पोटात जाते की नाही, हे त्यांना तिचे पाय सुजल्यावर कळलं.

रत्नाबाईंचे उपास होते. सोमवार, गुरुवार, शनिवार, वर चतुर्थी आणि एकादशी. उपासाच्या दिवशी गोळी बंद.

"गोळी म्हणजे काय भाकरी आहे?" बन्सीराव कडाडले.

"कशाची करतात ते तुम्हांला तरी ठाऊक आहे का?" रत्नाबाई शांतपणे म्हणाल्या. "पीठ असलं त्यात, म्हणजे?"

बन्सीराव आणखी चिडले. आधी स्टोव्हवर, मग भांड्यांवर, शेवटी लग्नात लेकीबरोबर हे सगळे उपास बांधून देणाऱ्या सासूबाईंवर. त्याच तावात ते वाणगावच्या भटजींकडे गेले. भटजी म्हणाले, औषधाला दोष नाही. तरी बाईंच्या मनात शंका असेल तर बाटली देवापुढे ठेवा आणि प्रसाद म्हणून घेऊ द्या. प्रसादाला उपास आड येत नाही.

बाटली देव्हाऱ्यात गेली. रत्नाबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटले आणि गोळी घेतली. बन्सीरावांना वाटलं, अख्ख्या प्रकल्पात आपल्याइतकं डोकं एकाही इंजिनिअरला नसेल. चार दिवस ते कुणावर ओरडलेसुद्धा नाहीत.

मग एका सकाळी लाकडाची मोळी घेऊन येणारी मंगळी दारातच थबकली. मोळी टाकून म्हणाली, "दादा, मोळी घ्या, पन तुमचा परसाद नको मला. लय कडू हाय. काल डोकं गरगरत व्हतं."

बन्सीराव देव्हाऱ्याकडे धावले. बाटली रिकामी होती.

आता प्रसाद काही कुणी एकट्याने खात नाही. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. शेजारच्या नर्मदावहिनी, दूधवाला, पोस्टमन, मंगळी, सगळ्यांच्या तळहातावर रत्नाबाईंनी भक्तिभावाने एकेक गोळी ठेवली होती.

"आणि तू?" बन्सीरावांचा आवाज चिरकला.

"घरच्या बाईने शेवटी घ्यायचा असतो. उरला तर."

एवढं बोलतानाही तिला दम लागत होता. बन्सीराव आरडाओरडा करतच आळीभर फिरले. नर्मदावहिनींना एक उलटी झाली होती, बाकी सगळे धडधाकट होते. मग बायकोला घेऊन त्यांनी पालघर गाठलं. तिथे डॉक्टरांनी त्यांना असं फैलावर घेतलं, की बाहेर बसलेले पेशंट उठून आत डोकावले. बायकोचं औषध आळीला चारणारा नवरा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

 परतताना गाडीत, उमरोळी स्टेशन गेल्यावर, बन्सीराव एकदम उसळून म्हणाले, "अगं, तू गेलीस तर मी ओरडू कुणावर?"

रत्नाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. माणूस रागाने थरथरत होता आणि डोळ्यांत पाणी होतं.

"घेईन गोळी," त्या म्हणाल्या. "रोज, पोटभर जेवून. पण घरातले उपास मोडायचे नाहीत. कुणीतरी करायला हवेत."

घरात माणसं दोनच होती.

त्यानंतर दिवाळीच्या सुमाराला दोघं तपासणीला गेली. रत्नाबाईंची सूज उतरली होती, गालांवर तेज आलं होतं. डॉक्टरांनी वर पाहिलं, उठून नळी थेट बन्सीरावांच्या छातीला लावली आणि काळजीने रत्नाबाईंना विचारलं, "बाई, यांना घेऊन यायला इतका उशीर का केलात?"

बन्सीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण एकादशी होती; ओरडायला अंगात त्राणच नव्हतं.