मधलं काय नको

सुभेदार आप्पांसमोर 'बघू' म्हणायची सोय नाही. "व्हय का न्हाई, शेठ? एक का शून्य? मधलं काय नको." आता माझा सगळा धंदाच मधल्यावर चालतो. जत भागातून हातगाडी घेऊन निघालेला मी साताऱ्यात फरशीच्या दुकानापर्यंत आलो तो 'बघू'च्या जोरावर.

पलटणीतून सुटलेली माणसं इथं एमआयडीसीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभी राहतात. आप्पांनी मात्र कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घातलं. कॉलेजच्या पोरांत बसून म्हणाले, "मशिन ऱ्हाऊ द्या, त्यातलं गणित शिकवा." तेव्हापासून मंडईतसुद्धा तेच. वांग्यांच्या ढिगाचे दोन भाग. "किडकं ह्या निम्म्यात हाय का?" मग त्याचे दोन. भाजीवाली म्हणायची, "आवं सुभेदार, तवर चांगली बी वाळत्याली."

त्यांच्या घरामागची जागा मला गोदामाला हवी होती. मी भाव वाढवून जायचो. ते "इचारून येतो" म्हणून आत जायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, "शून्य." एवढ्या खेपांत चहाचा घोट नाही. जागेपेक्षा ते मला जास्त लागलं. आमच्या दुष्काळी गावात प्यायला पाणी नसतं, पण पाहुण्याला चहा होतो.

शेवटी माझं डोकं फिरलं. "कुणाला विचारता, मला बघू द्या," म्हणत मी मागोमाग आत शिरलो.

खाटेवर वहिनी होत्या, आप्पांच्या मंडळी. आजारी असतात एवढंच ऐकून होतो. अंगावरून वारं गेलेलं, वाचा बंद, हलत होतं ते एक बोट. समोरच्या भिंतीवर खडूनं 'क' ते 'ज्ञ' अक्षरं.

"बोट उचललं की एक," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "मी इचारीन त्यालाच व्हय-न्हाई म्हणती. तिच्या मनातलं कसं कळावं? एकेक अक्षर इचारलं तर दमती. म्हणून हे निम्म्या-निम्म्याचं शिकलो. आज पयल्यांदा करून बघतोय. गप ऱ्हावा."

वरची निम्मी अक्षरं? बोट उचललं. त्यातली वरची निम्मी? पुन्हा उचललं. असं करत 'च' निघाला. मग 'ह'.

"चहा? तुला पायजे?"

बोट जागेवर.

आप्पा गोंधळले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "शेठला?"

बोट उचललं.

आप्पांनी चहा केला. साखर विसरले. मी बशीत ओतून सगळा प्यायलो.

"आन् जागंचं?" त्यांनी विचारलं.

"बघू," मी म्हणालो.

आप्पांनी ते चालवून घेतलं.