मे महिन्यातला पूर

पाण्याच्या बाबतीत भरतला चार गोष्टी शिकवील असा माणूस पोलादपूर तालुक्यात अजून जन्मायचा होता. निदान भरतचं तरी तसं म्हणणं होतं. डोंगरातल्या वाडीत वाढलेला पोरगा तो. घाटमाथ्यावरचा ढग बघायचा आणि सांगायचा, "संध्याकाळी ओढ्यावरचा साकव बुडणार!" आणि साकव बुडायचा. आता तो बिरवाडीत खोली घेऊन कारखान्यात कामाला होता, तरी त्याचा सिद्धांत कायम होता : वर पाऊस नाय, तर खाली पाणी नाय!

या सिद्धांतावर त्याचं लग्न बुडायची वेळ येईल, हे मात्र त्याला कुठल्याच ढगात दिसलं नव्हतं.

त्याला सेजल हवी होती. सेजललाही तो हवा होता. मधे होते तिचे वडील, रावजी. मुंबईत गोदामात उमर घालवून ते सावित्रीकाठच्या आपल्या वाडीत परतलेले. वाडीत त्यांचा दरारा असा, की ते शिंकले तरी दोघंजण येऊन विचारायचे, "आबा, काय म्हनालात?" परवाच त्यांनी जुनी व्हॅन घेतली होती. चालवता येत नव्हती, पण रोज पुसता यायची. सीटवरचं प्लास्टिक काढायला घरात कुणालाही परवानगी नव्हती.

"हरिहरेश्वराला जाऊन गाडीची पूजा करायची," रावजींनी भरतला बोलावून सांगितलं. "मग श्रीवर्धन बघू. गाडी तू चालवायची. जशी नेशील तशी परत आनलीस, तर लग्नाचं बोलू. एक चरा जरी आला, तर पोरीचं नाव काढायचं नाय!"

"मामा, तुमच्या व्हॅनला वारासुद्धा लागणार नाय!"

भरतनं गाडी अशी चालवली, की म्हसळ्याच्या वळणांवर एका म्हशीनं त्यांना ओव्हरटेक केलं. हरिहरेश्वरला पूजा झाली. श्रीवर्धनला पेशव्यांचं स्मारक बघून झालं, खानावळीत सुरमई झाली. रावजींनी दोन ताटं झोपवली आणि मग स्वतः मागच्या सीटवर झोपले. सेजलची आई साळूबाई म्हणाली, "आता दर्या जवळून दाव रे बाबा!"

शेखाडीच्या रस्त्यावरच्या एका छोट्या गावात भरत थांबला. गल्लीत गाड्यांची खेटाखेटी, आणि खेटाखेटी म्हणजे चरा! पण समोर बघतो तर काय! अख्खी वाळूची पुळण मोकळी, ओली, टणक आणि सपाट. एवढी मोठी जागा, आणि एकाही पर्यटकाला सुचू नये? शहरातली माणसं! त्यानं व्हॅन मधोमध उभी केली. समुद्र चांगला दोन शेतं लांब होता.

तरीही जबाबदारीचा माणूस म्हणून त्यानं सावित्रीच्या उगमाकडे, महाबळेश्वरला, दोस्ताला फोन लावला.

"साहिल, वर ढग हाय का?"

"ढग? घामानं शर्ट पिळतोय मी!"

"झालं तर!" भरत निश्चिंत झाला.

बाजूला सुकट वाळवत बसलेली रंगूबाई म्हणाली, "गाडी हितं नको ठेवू रे, पानी येल."

"मावशी, पाऊसच नाय, तर पाणी येणार कुठनं?"

रंगूबाईनं सुकटीची पाटी उचलून वर नेली, आणि नाटक सुरू व्हायची वाट बघावी तशी पाय पसरून बसली.

काचा अर्ध्या खाली करून, आत घोरणारे मामा तसेच ठेवून भरत, सेजल आणि साळूबाई खडकांपलीकडे शिंपले वेचायला गेले. ओटी भरून शिंपले घेऊन परत आले, तर पुळण नव्हती! होता तो समुद्र. त्यात चाकं बुडालेली व्हॅन. आणि व्हॅनच्या खिडकीतून बाहेर आलेलं रावजींचं डोकं, मोबाईल कानाला लावलेलं!

"सदू! पूर आला रे, पूर!" रावजी ओरडत होते. "वाडी रिकामी कर! गुरं सोड!"

सदू म्हणजे त्यांचा वाडीतला उजवा हात. कानाला लावलेला फोनही स्पीकरवर होता. "आबा, हितं तर ऊन हाय!"

"अरे, आपली सावित्री हितंच समुद्राला मिळते! हितं एवढं पानी चढलंय, मग वर काय झालं आसंल? भरत, सांग त्याला!"

भरत हबकला होता. सिद्धांत तर सिद्धांत! पाणी आहे, म्हणजे पाऊस आहे. साहिल खोटं बोलला!

"खरंच हाय, सदूकाका! पळा!"

रावजींचा शब्द! वाडीत देवळाची घंटा घणघणली. गुरं, कोंबड्या, गॅसच्या टाक्या, सुट्टीला आलेले मुंबईकर, सगळे डोंगरावर. गणूची हळद चालू होती. नवरदेव हळदीसकट खांद्यावरून वर नेला!

इकडे गावातल्या कोळ्यांनी दोर बांधून, होडी ओढतात तशी व्हॅन बाहेर ओढली. दारांतून पाणी गळत होतं. सीटवरच्या प्लास्टिकखाली नांग्या उगारून एक चिंबोरी बसली होती. रावजी वाळूवर टेकले.

"आसा पूर जन्मात बघितला नाय!"

"पूर कसला वो?" रंगूबाई म्हणाली. "भरती ती. दिवसातून दोनदा येते."

रावजी ताडकन उभे राहिले. "दोनदा? रोज? आनि तुमी हितं *राहता*?"

तेवढ्यात सदूचा फोन. "आबा, वाडी वर आनली. पन पानी दिसना. नदीत येकच डबकं हाय, त्यात म्हैस बसलेली, तीपन उठवून आनली. गणू उन्हात कडक झालाय. त्याचा बाप इचारतोय, पूर कदी येनार?"

रावजींनी फोनवर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा लहान दिसला. त्यांनी गळणाऱ्या व्हॅनकडे बघितलं. मग भरतकडे.

भरतनं मनातल्या मनात सेजलला निरोप दिला.

"पोरगी पायजे?" रावजी हळूच म्हणाले.

"अं? हो, मामा!"

"मग पूर तुला दिसला. मी झोपेत होतो, तू सांगितलंस, म्हनून मी फोन केला."

"पण मामा, आधी तर तुम्हीच..."

"तारीख काढू का नको?"

भरतनं सेजलकडे बघितलं. ती ओढणीत तोंड घालून हसत होती. त्यानं फोन घेतला. "सदूकाका... चुकलं माझं."

पुढची दहा मिनिटं डोंगरावरून अख्खी वाडी आळीपाळीनं फोनवर येऊन त्याला शिव्या देत होती. शेवटी गणूनं फोन घेतला. तो वाळलेल्या हळदीनं फक्त शिंकला.

लग्न दणक्यात झालं. पण आजही भरत सासुरवाडीच्या वाटेला लागला, की सदूकाका ओट्यावरून हाळी देतो, "जावई आले गो! गुरं गोठ्यात बांधू, का डोंगरावर नेऊ?"

वाडी खो खो हसते. सगळ्यांत मोठ्यानं हसतात ते रावजी.