भातास विलंब जाहला त्याची हकीकत

अन्नपूर्णा मातेस दंडवत घालून, आणि ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांनी पुढील मजकूर ऐकोन हांसू नये ऐसी विनंती करून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, दोन प्रहर टळता जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो. संवत्सराचे नांव क्रोधी, तें उगीच नव्हे.

बाळराजे ओजसजी, वय सव्वादोन वर्षे, मुलुख पाहावयास मोटारीतून निघाले होते, आणि समागमे मातोश्री मृण्मयीबाई व तीर्थरूप पुष्करपंत ऐसे दोघे कारभारी होते. राजे हट्टी खरे, परंतु मागणे एकच, भात. मऊ, गरम, वर तूप. पोळी दाखविली तर मान फिरवीत, आणि बिस्किट दिले तर मोटारीच्या गादीखाली पुरून ठेवीत. सकाळपासोन राजांचे पोटी अन्न नव्हते, आणि पुढे घाट होता, आणि निद्रेची फौज पापण्यांवर येऊन ठेपली होती. राजे उपाशी निजले तर ऐन घाटात जागे होतील, आणि मग जो आकांत करितील त्याची चुणूक कारभाऱ्यांनी आदले दिवशी पाहिली होती. सबब निजेच्या आधी चार घांस भात पोटी घालावा ऐसी मसलत ठरली, आणि स्वारी रस्त्यालगतच्या एका थाळीच्या भोजनगृही दाखल जाहली.

त्या दौलतीचा कायदा ऐसा, की आधी पोळी, मग गोड, आणि भात सर्वांचे शेवटी. गल्ल्यावर धनी त्र्यंबकशेट विराजमान, आणि त्यांचे मस्तकावर फलक, 'एका थाळीत दोघांनी जेवू नये'. मातोश्रींनी वाढप्यास हांक मारिली, "दादा, बाळाला मूठभर भात आधी आणता का? आमचं सावकाश चालू द्या."

"ताई, भात शेवटी. पद्धत आहे आमची."

"अहो, तो झोपेल हो!"

"झोपू दे की. मग तुम्ही निवांत जेवा."

ऐसे बोलोन तो गेला, आणि मग जी धाड आली ती काय सांगावी! नको म्हणता कोशिंबीर आली, नको नको म्हणता बासुंदी आली, आणि हात आडवा केला तर बोटांचे फटीतून मठ्ठा ओतिला. पलीकडील एक गृहस्थ हात जोडून कळवळत होते, त्यांसही पुरी घातली. केवढा हा आग्रह! आणि भाताचा वास दालनभर दरवळत असता, ज्या एकट्यास भात हवा त्यास मात्र कायदा!

मग पुष्करपंतांनी अक्कल चालविली. पोळी लौकर संपविली तर भात लौकर येईल ऐसे मनी आणोन त्यांनी ताट साफ केले. परंतु त्या राज्यात रिकामे ताट म्हणजे भुकेला माणूस, सबब दुसरी पोळी पडली. पंतांनी तीही मारिली, आणि तिसरी पडली. पंत घामाघूम जाहले, पण भाताकडील वाट तसूभर सरली नाही. मातोश्री कडाडल्या, "अहो, खाताय काय नुसते? बोला की त्यांना!" पंतांचे तोंडी पोळी होती, सबब बोलणे जाहले नाही.

राजांनी चमचा ताटावर आपटून रणवाद्य वाजविले, "भाऽऽत! भाऽऽत!" आणि मग आवाज बारीक जाहला, आणि मान कलू लागली. ते पाहोन मातोश्री राजांस कडेवर घेऊन स्वतः गल्ल्यावर चालोन गेल्या. त्र्यंबकशेट म्हणाले, "वहिनी, भात दिसला की लोकांना वाटतं जेवण उरकलं. उठतात. आज तुमच्या बाळाला दिला, उद्या सगळेच आधी मागतील."

"सगळ्यांना दुधाचे दात आहेत का, शेट?"

हे गल्ल्याशेजारच्या मेजावरील वेणूताई नामे वृद्ध बाईंनी ऐकिले. त्यांचे जेवण आटपत आले होते, आणि भाताची मूद नुकतीच पानी पडली होती. त्यांनी राजांस ओढोन मांडीवर घेतले आणि भात कालविला. शेट उठोन म्हणाले, "मावशी, एका थाळीत दोघं नाही चालत!" वेणूताई म्हणाल्या, "भरल्या ताटावरून लेकराला उठवायला आलास? उठव. मी बघते." वाढपी पळी धरोन जागीच थिजले, आणि शेट हळूच खाली बसोन सुटे पैसे उगाच इकडचे तिकडे करू लागले. राजांनी मिटल्या डोळ्यांनी तोंड उघडिले, आणि मूद फत्ते केली, आणि हनुवटीवर एक शीत घेऊन तेथेच निजले.

मग मातोश्री आपल्या गार पोळीस बसल्या. इतक्यात वाढपी वाफाळते पातेले घेऊन हजर! "ताई, भात! बाळासाठी थोडा वाढू?" मातोश्रींनी दोन्ही हात ताटावर आडवे धरिले आणि म्हणाल्या, "नको." त्याने वाढला.

येणेप्रमाणे राजांस जय, पंतांस अजीर्ण, आणि मातोश्रींचे हातांवर भात. जेथे नको त्यास आग्रह आणि हवे त्यास पद्धत, तेथे अन्नपूर्णा गल्ल्यामागे नसते, शेजारच्या पानावर बसलेली असते, इतकेच लिहोन ठेविले.