सारख्या वजनाच्या पिशव्या

पुढच्या खोलीत चोवीस पिशव्या होत्या. कापसाची सहा वाणं, प्रत्येक वाण चार शेतांत लावलेलं, आणि प्रत्येक शेतातल्या सारख्याच मापाच्या तुकड्यातून वेचलेला कापूस एकेका पिशवीत. वाणाप्रमाणे पिशवीच्या तोंडाला रंगीत दोरा, आणि दोऱ्याला शेताचा क्रमांक. कापूस संशोधन कार्यालयाच्या गोदामाचं छत गळत होतं, म्हणून शनिवारी तिने त्या घरी आणल्या. रविवारी अकराला तिथल्या मॅडम येऊन वजनं घेणार होत्या. शेत पाणथळ असो की कोरडं, कोणतं वाण सगळीकडे सारखं पिकतं, एवढंच शोधायचं होतं. तिची हंगामी नोकरी पुढे चालणार की नाही, हेही त्यावरच ठरणार होतं.

सकाळी नऊला तिने पिशव्या पाहिल्या आणि ती दारातच थांबली. काल काही गच्च फुगलेल्या होत्या, काही मरतुकड्या. आज एका रंगाच्या चौघी जुळ्या बहिणींसारख्या शिस्तीत बसल्या होत्या.

"बाबा, पिशव्यांना कोणी हात लावला?"

"मीच." बाबांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. पार्सल कचेरीत काट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस. "एकाच रंगाच्या चार, आणि एकीत दोन किलो, एकीत एक. मॅडम काय म्हणाल्या असत्या? पोरीला धड भरताही येत नाही."

तो फरकच तर मोजायचा होता, हे तिने समजावलं तेव्हा बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भाजी वाढतानाही हे वाट्या तोलून बघतात, असं आईने आतून ऐकवलं. लेकीने चहाचा कप बाजूला ठेवला. आता कागदावर सहाही वाणं कुठेही सारखीच पिकणारी ठरली असती.

"कशातून किती काढलं, काही आठवतं का?"

बाबा दुखावले. "आठवायचं कशाला? आत चिठ्ठ्या आहेत की. चिठ्ठीशिवाय माल हलत नसतो."

खरंच होत्या. 'हिरवी पहिली: तीनशे दहा ग्रॅम काढले, हिरव्या तिसरीत घातले.' बापलेक बाबांचा काटा मध्ये घेऊन जमिनीवर बसले. मॅडम अर्धा तास आधीच दारात उभ्या राहिल्या तेव्हा पंधरा पिशव्या पूर्ववत झाल्या होत्या आणि तिच्या केसांत कापूस होता.

लपवण्याजोगं काही उरलं नव्हतं. तिने सगळं सांगून टाकलं. मॅडमनी एकेक चिठ्ठी वाचली, दोनदा काहीतरी पुटपुटल्या, आणि निळ्या दोऱ्याच्या पिशव्या उघडून थांबल्या.

"या चारही पिशव्यांत चिठ्ठी नाही."

"त्यांना हात कशाला लावू?" बाबा चाचरत म्हणाले. "त्या आधीपासूनच सारख्या होत्या."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, तिने मॅडमकडे. मग मॅडमनी स्वतःचा काटा काढून शून्यावर आणला आणि वही तिच्या हातात दिली.

निळा दोरा. पाणथळ शेत, एक किलो पाचशे तीस ग्रॅम. विहिरीचं शेत, एक किलो पाचशे चाळीस. मुरमाड, एक किलो पाचशे तीस. कोरडवाहू, एक किलो पाचशे वीस.